बाबांच्या १३ गोळ्या, तीन डॉक्टर आणि घरी येणाऱ्या सिस्टर, त्यांच्याकडून नक्की काय काय करून घ्यायचं?

देवगडची_लेक:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, तुकड्यातुकड्यात सांगून कळणार नाही म्हणून. मी डोंबिवलीला असते आणि आई-बाबा देवगडजवळ आमच्या गावात, दोघंच. बाबा ७६ वर्षांचे, आई ७१ ची. बाबांना शुगर आणि बीपी जुनंच, त्यात यंदा शिमग्याच्या आधी छातीत दुखलं म्हणून कोल्हापूरला नेलं आणि एक स्टेंट (हार्टच्या रक्तवाहिनीतली जाळी) बसवली. तेव्हापासून हार्टचे डॉक्टर कोल्हापूरचे, शुगरचे कणकवलीचे, आणि ताप-खोकला-गुडघे यासाठी गावातले डॉक्टर जे आमचे पूर्वीपासूनचे. तिघंही चांगले आहेत, माझी तक्रार कुणावर नाही, पण तिघांच्या फाईली वेगळ्या आणि गोळ्या मात्र एकाच पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात.

गेल्या आठवड्यात पहाटे लघवीला उठले आणि न्हाणीघराच्या दारात पडले. कपाळाला तीन टाके. फोनवर मला म्हणतात, "माका काय जावक नाय गे बाय, पाय सरकलो." आईने मग हळूच सांगितलं की पंधरा दिवस झाले उठलं की डोळ्यापुढे अंधारी येते पण तुला सांगू नको म्हणाले. मी रात्रीच्या गाडीने गेले, डबा उघडला तर १३ गोळ्या दिवसाला, शिवाय गुडघ्याची वेगळी, ती दुखेल तेव्हा. निम्म्या पाकिटांची नावाची बाजू कात्रीने कापून गेलेली. आई रंगावरून देते, "गुलाबी सकाळची, लांबडी पांढरी जेवल्यावर." आणि मेडिकलवाल्याने कंपनी बदलून दिली की रंग बदलतो, मग तिचा गोंधळ.

शेजारच्या वाडीत एक सिस्टर आहेत, आधी मुंबईत हॉस्पिटलला होत्या, आता इकडेच असतात. आठवड्यातून दोनदा घरी यायला तयार आहेत. प्रश्न असा की त्यांच्याकडून काय करून घ्यायचं? बीपी बघून जातील एवढ्यासाठीच का? आणि बाकीचे पाच दिवस कोण बघणार? ज्यांनी असं केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. गणपतीला सगळेच घरी येणार पण तोपर्यंत मला झोप नाही.

निवृत्त_सिस्टर:

ताई, पहिलं म्हणजे बाबांना जपा, आणि तुम्ही लगेच गाडी पकडून गेलात ते फार बरं केलंत. मी ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी सिंधुदुर्गात ग्रामीण रुग्णालयात, म्हणून थोडं अधिकाराने लिहिते.

सिस्टरना पहिल्या दिवशी बीपीचं मशीन बाजूला ठेवायला सांगा आणि डबा उलटा करायला सांगा. पडवीत वर्तमानपत्र पसरा आणि घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या त्यावर मांडा, फडताळातल्या, देव्हाऱ्याजवळच्या, बाबांच्या शर्टाच्या खिशातल्या, डोळ्यांचे ड्रॉप, बाम, काढ्याची बाटली, कुणी पाहुण्याने दिलेली शक्तीची पावडर, सगळं. मग प्रत्येक पाकिटावरचं मोठं नाव सोडायचं, ते कंपनीचं असतं, त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं ते वाचायचं. आणि ते एका कागदावर उतरवायचं, कुठल्या डॉक्टरांनी दिली, कशासाठी, किती मिलिग्रॅम, कधी. दोन तास जातात पण खरा घोळ याच दोन तासांत सापडतो.

मला तुमचं वाचून एक शंका येतेय. हार्टच्या डॉक्टरांची बीपीची एक टेल्मिसार्टन आणि शुगरच्या डॉक्टरांची "बीपी-शुगर दोन्हीला चालते" म्हणून दिलेली दुसऱ्या नावाची गोळी, जिच्यात टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन (तेही बीपीचंच) एकत्र असतं, असं तर नाही ना झालं? मी हे इतक्या घरांत बघितलंय की आता मोजत नाही. नावं वेगळी, रंग वेगळा, औषध तेच, दुप्पट. मग म्हातारं माणूस पहाटे उठलं की रक्तदाब धाडकन खाली येतो. सिस्टरना सांगा बाबांना पाच मिनिटं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्त खाली आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. नुसतं खुर्चीत बसवून घेतलं तर १३० दिसेल आणि सगळे म्हणतील बीपी छान आहे.

दुसरं, पायाला सूज आहे का बाबांच्या? अम्लोडिपिनने घोट्याशी सूज येते. ती सूज बघून कुणीतरी लघवीची गोळी देतं, लघवीची गोळी रात्री घेतली की माणूस पहाटे तीनदा उठतो, आणि अंधारात पडतो. एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी, असं होत जातं. पण नीट ऐका, हे बघून घरच्यांनी किंवा सिस्टरने स्वतः काहीही बंद करायचं नाही. आमचं नर्सचं काम शोधायचं, लिहायचं, डॉक्टरांना कळवायचं. डोस बदलायचा अधिकार डॉक्टरांचा. विशेषतः स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या, बहुतेक अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल असतील, त्या कुणीही सांगितलं तरी हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवायच्या नाहीत, दात काढायचा असला तरी. स्टेंट गच्च होऊ शकते.

आणि ती गुडघ्याची गोळी. तिचं बारीक नाव आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक निघालं तर, ती रोजची नाही, दुखेल तेव्हाची आहे, म्हणून आजच बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. बीपी वाढवते, किडनीवर जाते, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव करू शकते. काळी, डांबरासारखी संडास झाली तर थांबू नका, १०८ बोलवा.

सिस्टरचं नोंदणी पत्र मागून बघायला लाजू नका, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असते. मायेने बघणारी मावशी वेगळी आणि शिकलेली नर्स वेगळी, दोघींची गरज असते पण काम वेगळं.

देवगडची_लेक:

ताई तुमचं वाचून अंगावर काटा आला. आत्ता फाईल उघडून बघितली. कोल्हापूरच्या चिठ्ठीवर टेल्मिसार्टन ४० सकाळी. कणकवलीच्या चिठ्ठीवर जे नाव आहे त्याच्या पाकिटावर खाली टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५. आणि हो, पायाला सूज आहे, त्याची लघवीची गोळी गावातल्या डॉक्टरांनी जूनमध्ये दिली. ती सकाळी घ्यायला सांगितलेली, पण आई रात्री देते, "सकाळी आधीच एवढ्यो गोळयो, त्येंका जेवाक जागा खंय रवता" म्हणून. गुडघ्याची डायक्लोफेनॅकच आहे. आता लगेच हार्टच्या डॉक्टरांना फोन लावते.

वाडीतला_नाना:

एवढा खटाटोप कशाला, आमचा मेडिकलवाला प्रत्येक गोळीवर पेनाने लिहून देतो, सकाळ दुपार रात्र. वडील ८२ वर्षांचे आहेत, ठणठणीत. नर्सला पैसे देण्यापेक्षा तेच करा.

औषधाचं_दुकान_राजापूर:

नानांना नमस्कार, मी स्वतः दुकानात बसतो आणि मीही लिहून देतो. पण मला फक्त माझ्याकडून घेतलेल्या गोळ्या दिसतात. कोल्हापूरहून येताना तिथल्याच दुकानातून महिन्याची औषधं आणली तर ती मला दिसणार कशी? म्हणून लेकीला सांगेन, जमेल तितकं सगळं एकाच दुकानातून घ्या आणि तो सिस्टरने केलेला कागद दुकानात दाखवा. आणि पाकीट कापायचं असेल तर नाव आणि एक्स्पायरी आहे ती बाजू शेवटपर्यंत ठेवा, दुसऱ्या टोकाकडून गोळ्या काढा. एवढी एक सवय लागली तरी पुष्कळ.

कंपनी बदलली तर मेडिकलवाल्याकडून पाकिटावर लिहून घ्या "जुन्या अमुकच्या जागी". जनऔषधी दुकानातून घ्याल तर तिथे पाकिटावर औषधाचं खरं नावच मोठ्या अक्षरात असतं, स्वस्तही पडतं, उलट ते वाचायला सोपं. फक्त जुनं पाकीट घरात शिल्लक असताना नवीन आणलं की दोन्ही चालू होतात, ते बघा.

आता आपल्या कोकणातला मुद्दा, जो पुण्याकडचे लोक लिहीत नाहीत. सात खणांचे, २८ खणांचे प्लॅस्टिकचे डबे मिळतात, त्यात आठवड्याच्या गोळ्या काढून ठेवायच्या. चांगली वस्तू आहे. पण पावसात आपल्याकडे पापड नरम पडतो तिथे उघडी गोळी काय टिकणार. अॅस्पिरिनला ओल लागली की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, अशी गोळी टाकून द्या. फिटची सोडियम व्हॅल्प्रोएटची गोळी तर ओल ओढून घेते, ती पाकिटातच राहू दे. मी गिऱ्हाइकांना सांगतो की जून ते सप्टेंबर गोळी पाकिटातून काढू नका, प्रत्येक गोळी तिच्या कप्प्यासकट कात्रीने सुटी करा आणि तशी खणात ठेवा. चुलीच्या वरच्या फळीवर आणि न्हाणीघराजवळ डबा नको.

अजून एक, ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असं काही असतं, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, ती कुटायची नाही, चावायची नाही. शुगरच्या मेटफॉर्मिनमध्ये आणि हार्ट-बीपीच्या मेटोप्रोलॉलमध्ये असं असतं बऱ्याचदा. गिळवत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून मधातून देणारे भरपूर बघितलेत, दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.

हर्णै_बंदर:

मी माझ्या आईचं सांगतो, शुगरचं, तुमच्या बाबांना शुगर आहे म्हणून. आईला आधी ग्लिमेपिराइड होती, शुगर खाली आणणारी, नाश्त्याच्या वेळची. तिची संकष्टी असायची, दिवसभर उपास आणि चंद्र बघून रात्री साडेनऊला जेवण, आणि गोळी मात्र नेमाने सकाळी घ्यायची कारण डॉक्टरांनी चुकवू नको सांगितलेलं. एका संकष्टीला संध्याकाळी ती मला ओळखेना. घामाने ब्लाउज भिजलेलं, काहीतरी असंबद्ध बोलत होती, आम्हाला वाटलं अर्धांगाचा झटका. आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टर योगायोगाने वाडीत होत्या, त्यांनी मशीन लावलं, शुगर ४८. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं, परत दिली, मग पोळी-भाजी. गिळता येत असेल तरच तोंडाने द्यायचं, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८. त्या दिवसापासून सिस्टरनी कॅलेंडरवर आईच्या उपासाच्या तारखांवर लाल गोल केले आणि डॉक्टरांकडून लिहून आणलं की त्या दिवशी कुठली गोळी घ्यायची नाही. आईचा उपास कुणी सोडवला नाही, देवाचंही राहिलं आणि आईचंही.

तुमच्या बाबांना मेटोप्रोलॉल असेल तर आमच्या सिस्टर सांगत होत्या की त्या गोळीने शुगर कमी झाल्यावरची छातीतली धडधड आणि हाताची थरथर दबते, घाम मात्र येतो. म्हणून घाम आला की आधी मशीन.

आंब्याचंही सांगतो, देवगडच्या माणसाला सांगायला नको पण मे महिन्यात "आज दोन आंबे खाल्ले म्हणून अर्धी गोळी जास्त घेतली" हे आपल्याकडे घरोघरी चालतं. नका करू देऊ.

आता आई इन्सुलिनवर आहे. त्यात सिस्टरचा केवढा आधार झाला ते सांगतो. बाटलीतलं इन्सुलिन आपल्याकडे बहुतेक ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची. चुलतभाऊ मुंबईहून येताना कौतुकाने नारिंगी टोपणाचा अख्खा बॉक्स घेऊन आला, सिस्टरनी बघितलं म्हणून वाचलो, नाहीतर डोस चुकला असता. शिवाय आई रोज बेंबीच्या उजव्या बाजूलाच टोचायची, तिथे गाठ झालेली आणि औषध नीट लागत नव्हतं, ते त्यांनी हात फिरवून ओळखलं. आम्ही तिघंही घरात होतो, कुणाला कळलं नव्हतं.

लाईटचं म्हणाल तर ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आम्ही इथेच काढलं, दापोलीच्या पट्ट्यात दिवसच्या दिवस लाईट नव्हती. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत राहावं लागतं, आणि बर्फाला चिकटून गोठलं की ते फुकट. तेव्हा आम्ही बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून डबी मातीच्या मडक्यात ठेवली, बाहेरून ओलं फडकं. मे महिन्यात हे चांगलं चालतं, पावसात हवाच दमट असते त्यामुळे मडकं तेवढं गार होत नाही, तेव्हा जास्त साठा करू नका. चालू बाटली साधारण चार आठवडे घरात गार जागी चालते, उघडली ती तारीख बाटलीवर लिहायची.

उपकेंद्र_ताई:

मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. लेकीचा प्रश्न होता बाकीचे पाच दिवस कोण बघणार. तुमच्या गावाचं उपकेंद्र आता आयुष्मान आरोग्य मंदिर असेल, तिथे बीपी-शुगर फुकट बघतात, बीपी-शुगरच्या गोळ्याही मिळतात, आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांशी बोलून देता येतं. आशाताई घरी येतातच. फक्त एक विनंती, उपकेंद्रातून गोळ्या घेतल्या तर त्याही कागदावर चढवा, नाहीतर चौथं दुकान उघडल्यासारखं होईल.

आणि आईंना विसरू नका. सगळे बाबांच्या गोळ्यांचं बोलताय. ७१ वर्षांची बाई १३ गोळ्या सांभाळतेय, तिची स्वतःची एखादी गोळी आहे का?

देवगडची_लेक:

ताई, आईला थायरॉईड आहे. ती सकाळी उठून चहाबरोबर घेते आणि त्याच वेळी कॅल्शियमही.

उपकेंद्र_ताई:

मग सिस्टरना हेही सांगा. थायरॉईडची गोळी उपाशी पोटी साध्या पाण्याने, चहा निदान अर्ध्या तासाने, आणि कॅल्शियम चार तासांनी. एकत्र घेतली तर कॅल्शियम ती गोळी पोटातून शोषूच देत नाही, मग डॉक्टर टीएसएच (रक्ततपासणीतला थायरॉईडचा आकडा) वाढलेलं बघून डोस वाढवत बसतात.

देवगडची_लेक:

तीन आठवड्यांनी लिहितेय, ज्यांनी ज्यांनी वेळ काढला त्यांना सांगायलाच हवं.

सिस्टर पहिल्या दिवशी आल्या आणि खरंच पडवीत पेपर पसरून बसल्या. आई आधी खट्टू झाली, तिला वाटलं तिच्या चुका काढायला बाई आणलीय. सिस्टरनी तिला बाजूला बसवलं आणि म्हणाल्या, काकी तुम्ही सांगा, मी लिहिते. सगळी माहिती आईकडेच होती, कुठली गोळी घेतल्यावर पोटात जळजळतं, कुठली बाबा जिभेखाली लपवून अंगणात थुंकतात (अॅसिडिटीची, कडू लागते म्हणून), हे मला सहा महिने फोन करून कळलं नव्हतं. झोपून बीपी १३६ होतं आणि उभं राहिल्यावर १०४. बाबा भिंतीला धरून उभे होते आणि म्हणत होते, "बरा वाटता, बरा वाटता."

हार्टच्या डॉक्टरांना कागदाचा फोटो पाठवला, ते कणकवलीच्या डॉक्टरांशी स्वतः बोलले. एक टेल्मिसार्टन गेली. जोडगोळीतलं अम्लोडिपिनही काढलं आणि आठ-दहा दिवसांत घोट्याची सूज उतरली, मग गावातल्या डॉक्टरांनी लघवीची गोळी बंद केली. डायक्लोफेनॅक गेली, गुडघ्याला पॅरासिटामॉल, तेही मोजून, आणि सर्दीची गोळी घेताना तिच्यातही तेच असतं म्हणून दोन्ही एकदम नको असं सिस्टरनी पाकिटावर लिहून ठेवलंय. परवा उभं राहून बीपी १२४ होतं. अंधारी येत नाही म्हणतात.

कागद आता तीन ठिकाणी आहे, स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवलेला, बाबांच्या पिशवीत आणि माझ्या फोनमध्ये. वर तारीख लिहिलीय आणि बदल झाला की जुना फाडायचा, सिस्टर स्वतः फाडतात, दोन कागद घरात ठेवू देत नाहीत. डबा दर रविवारी भरतो, गोळ्या पाकिटाच्या कप्प्यासकट कापून, राजापूरच्या दादांनी सांगितलं तसं. आई आता रंग बघत नाही, खणावर सूर्य आणि चंद्र काढलेत ते बघते. सुकी मासळी आणि खारातली कैरी कमी करायला सांगितलीय मिठामुळे, त्यावरून बाबांचं आणि सिस्टरचं रोज वाजतं, ते चालू द्या.

उलटी-जुलाब लागले तर मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन चालू ठेवायची का ते त्याच दिवशी फोन करून विचारायचं, हे डॉक्टरांनी कागदाच्या खाली स्वतःच्या हाताने लिहून दिलंय.

एक विचारायचं राहिलं. गणपतीत पाच दिवस जेवणाच्या वेळा काही खऱ्या नसतात, आरती, भजनं, नैवेद्य झाल्याशिवाय पान वाढत नाहीत, तीन-साडेतीन होतात. नाश्त्याच्या गोळीचं काय करता तुम्ही लोक?

निवृत्त_सिस्टर:

वाचून फार बरं वाटलं, आणि तुमच्या सिस्टरना माझा नमस्कार सांगा. गणपतीचं आत्ताच डॉक्टरांना विचारून ठेवा, त्या पाच दिवसांचा वेळेचा कागद वेगळा करून घ्या. आमच्या घरी सासऱ्यांना सकाळी आठला पोटभर घावणे आणि त्याबरोबर गोळी, दुपारी एकला नैवेद्याची वाट न बघता वाटीभर भात-वरण बाजूला काढून द्यायचो. पहिल्या वर्षी सासूबाईंना पटलं नाही. दुसऱ्या वर्षी त्या स्वतःच वाटी घेऊन माजघरात बसल्या होत्या. शुगरचं मशीन आणि साखरेचा डबा गणपतीच्या खोलीतच ठेवा, सगळे तिथेच असतात.